नाय म्हणजे होय

फिनिकास बंदर, सिरोस बेट
१७ ऑगस्ट २०२५

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

फोनवर आवाज तुटतो, आणि तो तुटला की आई घाबरते. म्हणून हे वहीत लिहून त्याचे फोटो बायोच्या मोबाइलवर पाठवतोय. बायो, मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

मी ठीक आहे. आई, 'जेवतंस मां?' हे तू दर वेळी विचारतेस. अगो, बोटीवर स्वयंपाक मीच करतो, मग उपाशी कसा राहीन? परवा भाताबरोबर बांगड्यासारख्याच एका माशाचं तिखलं केलं. कोकम संपलं म्हणून लिंबू पिळलं. पाहुण्यांनी पाणी पीत पीत खाल्लं. आणि टीव्हीवर दाखवतात तो भूकंप सांतोरिनीचा, तोही फेब्रुवारीतला. तेव्हा दहा हजारांहून जास्त माणसं बेट सोडून गेली होती हे खरं आहे. पण मी आलो एप्रिलमध्ये, आणि या फेरीत आमची बोट तिकडे जातही नाही. काकांना म्हणावं, जुने व्हिडिओ पुढे पाठवणं बंद करा.

चार दिवस आम्ही इथेच नांगर टाकून आहोत. बाबा, हे खास तुमच्यासाठी. इथे जुलै-ऑगस्टात उत्तरेचा वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. आपल्याकडे वाऱ्याआधी आभाळ सांगतं, ढग काळे होतात, वास येतो. इथे आभाळ निळंशार, ऊन कडकडीत, आणि शिडाच्या दोऱ्या रात्रभर डोलकाठीवर आपटत राहतात. पहिल्यांदा मी फसलोच होतो. कप्तानाने नकाशा काढून समजावलं. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानावर कमी, आणि त्या कमी दाबाचं मूळ थेट आपल्या मान्सूनपर्यंत पोचतं. म्हणजे तिकडे तुम्हाला भिजवणारा पाऊस इथे आम्हाला अडकवून ठेवतोय. दुसरी गंमत भरती-ओहोटीची. ती इथे जेमतेम वीतभर. जेट्टीला बांधलेली होडी सकाळी त्याच उंचीवर. दोरी सैल सोडायला मी सवयीने रात्री उठायचो, तर कप्तान हसायचा.

पण त्याच्या हसण्याचं खरं कारण वेगळं आहे, आणि ते नीट समजावून सांगायला हवं, कारण चार महिने झाले तरी माझ्या डोक्यात ते अजून बसत नाही. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे हो. आणि 'ओही' म्हणजे नाही. आता आपल्या कानांना 'ने' कसं लागतं? नाय! आणि 'ओही' ऐकलं की वाटतं, हा 'ओ, हो' म्हणतोय. एवढ्यावरच भागत नाही. नाही म्हणायचं असलं की हे लोक मान हलवतच नाहीत. हनुवटी वर करतात, भुवया उंचावतात आणि जिभेने 'च्' करतात. आळशी माणूस असला तर नुसत्या भुवया. आपल्याकडे मालवणात कुणी हनुवटी वर केली तर त्याचा अर्थ 'काय रे, काय होया?' किथनोस बेटावर, लुत्रा गावात, बेकरीतल्या म्हाताऱ्याला मी विचारलं, पाव आहे का. त्याने हनुवटी वर केली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने विचारलं. परत हनुवटी वर. तिसऱ्यांदा मी ओरडलोच, तर त्याने फक्त भुवया उचलल्या आणि पेपर वाचायला घेतला. मी आणखी पाच मिनिटं तिथेच उभा, आत भट्टीतून काढायला कुणी गेलं असेल म्हणून. हे बरं म्हणायचं. त्याच्या आदल्या दिवशी धक्क्यावरच्या माणसाला 'जागा आहे का' विचारलं, तो 'ने, ने' करत हात हलवत होता, आणि मी कप्तानाला ओरडून सांगितलं, जागा नाही. आम्ही बंदरात गोल फिरत राहिलो आणि ती जागा एका इटालियन बोटीने घेतली. आपली बाजूला डोलणारी मान तर त्यांना कळतच नाही. म्हणून आता मी मान ताठ ठेवून अंगठा दाखवतो.

बाकी फिरणं म्हणाल तर पाहुणे जिथे उतरतील तिथे मी पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे. त्या लुत्रा गावात गरम पाण्याचे झरे थेट समुद्रात येतात, आपल्या राजापूरजवळच्या उन्हाळे गावाची आठवण झाली. सेरिफोसवर मात्र पाहुण्यांना पोहायला सोडून मी एकटा मेगालो लिवादीला गेलो. तिथे लोखंडाच्या खाणी होत्या, आपल्या रेडीसारख्या. खनिज बोटीत ओतायचा पूल पाण्यावर अजून लटकतोय, गंजून लाल झालेला. १९१६ सालच्या ऑगस्टात कामगारांनी तिथे संप केला, आठ तासांच्या कामासाठी. गोळीबारात चौघे गेले. त्यांचं स्मारक आहे. माझे तास मी मोजत नाही, हे तिथे बसल्यावर आठवलं. असो.

पंधरा ऑगस्टला आमची बोट इथेच ठेवून कप्तान मला प्रवासी बोटीने पलीकडच्या तिनोस बेटावर घेऊन गेला. त्या दिवशी तिथे मरियमची यात्रा असते. आई, तू तिथे हवी होतीस. धक्क्यापासून देवळापर्यंत चढाच्या रस्त्याच्या कडेने गालिचाची पट्टी अंथरलेली, आणि नवस बोललेल्या बायका त्यावरून गुडघ्यांनी, हातांनी रांगत वर जातात. एकीने गुडघ्याला टॉवेल बांधला होता. शेजारून तिचा मुलगा चालत होता, सात-आठ वर्षांचा, आईच्या चपला दोन्ही हातांत छातीशी धरून. ती थांबली की तोही थांबायचा. देवळात नवसाच्या चांदीच्या वस्तू छताला टांगलेल्या आहेत. हात, पाय, पाळणे, पण सगळ्यात जास्त गलबतं. त्यातल्या एका गलबताच्या बुडाला मासा चिकटलेला आहे. तुफानात बोटीला भोक पडलं, खलाशांनी धावा केला आणि मासा येऊन त्या भोकात अडकला, अशी गोष्ट सांगतात. बाबा, तुमच्या तांडेलकीच्या गोष्टींत हीसुद्धा खपली असती. मीही बाहेर एक पातळ पत्र्याची होडी घेतली. ती टांगली नाही, पाकिटात आहे.

बाहेर आल्यावर कप्तानाने त्याच्या आईला फोन लावला. मी थोडा लांब जाऊन उभा राहिलो.

आता खरं सांगतो. गणपतीला कप्तान सोडत नाही, असं मी फोनवर म्हणालो होतो. तसं नाही. त्याने जुलैतच विचारलं होतं, ऑगस्टअखेर न जाता ऑक्टोबर संपेपर्यंत राहतोस? मी 'ने' म्हटलं. आणि त्या वेळी मला त्याचा अर्थ पक्का माहीत होता. दोन महिन्यांचा पगार आणि मोसम संपल्यावरचा बोनस धरला तर बायोच्या लग्नाच्या हॉलचे आणि जेवणाचे पैसे सुटतात. ताईच्या वेळी काढलं तसं सोसायटीचं कर्ज पुन्हा काढायचं नाही. मी विचारून ठरवायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी 'ये' म्हटलं असतं.

९०० युरो सोमवारी पाठवतोय. त्यातून इंजिनाचा हप्ता १० तारखेच्या आत भरा, उरलेले बायोच्या खात्यात टाका, घरखर्चाला वापरू नका. वर वेगळे पाच हजार रुपये आहेत ते गणपतीचे. कुडाळच्या मंडळींना म्हणावं, मुलगा तुळशीच्या लग्नाच्या सुमारास येतोय, तेव्हा बघू. मी नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही. मुलीला थांबायचं नसेल तर राग धरू नका.

गणपतीच्या डोक्यावरची माटी यंदा कोण बांधणार? काकांच्या मुलाला सांगा, पण त्याला एकट्याला चढवू नका, उजव्या बाजूचा वासा पोकळ झालाय, मी घरी असतो तर मे महिन्यातच बघितला असता. माटीला टांगायची कवंडळं मिळाली नाहीत तर देवळामागच्या कुंपणावर असतात. आणि आरतीच्या वेळी फोन लावा. इथे तेव्हा दुपार असेल, मी भांडी बाजूला ठेवून उचलीन.

तुमचा,
बाळा