हलक्या विमानांच्या टाकीत ई-२० नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (म्हणजेच ई-२०) आल्यापासूनची सगळी चर्चा मोटारी आणि दुचाकींच्या मायलेजभोवती फिरते आहे. पण त्याच पंपावरून कॅन भरून नेलेले पेट्रोल मायक्रोलाइट (एक-दोन जणांची अतिहलकी विमाने) आणि पॅरामोटरच्या (पाठीवरच्या इंजिनाने उडणाऱ्या पॅराशूटच्या) टाकीतही जाते. तिथे प्रश्न मायलेजचा नाही.

घोळाचे मूळ ऑक्टेनच्या, म्हणजे इंजिनात ठोके (नॉकिंग) न होऊ देण्याच्या इंधनाच्या क्षमतेच्या, आकड्यात आहे. मायक्रोलाइटवर सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ या इंजिनाच्या ८० अश्वशक्तीच्या प्रकाराला किमान ९० रिसर्च ऑक्टेन लागतो आणि १०० अश्वशक्तीच्या यूएलएस या प्रकाराला किमान ९५. ई-२० पेट्रोल ९५ चे असल्याचे सांगितले जाते, म्हणजे कागदावर जमले! पण रोटॅक्सच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिली आहे, आणि नेमकी ती ओळ वाचायची राहते. सेसना १५२ किंवा १७२ मधल्या लायकमिंग इंजिनाला तर इथेनॉल मुळीच मान्य नाही.

ही मर्यादा उगाच घातलेली नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. नव्या मोटारीतला संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. ९१२ च्या दोन बिंग कार्बोरेटरांना ती सोय नाही, त्यांचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी छिद्रे, ठरलेल्या मापाचे. त्यामुळे ई-२० घातले की मिश्रण अंदाजे ७ टक्के लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते, तेही पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे उड्डाणानंतरच्या चढाईत. फायबरच्या टाकीचे रेझिन मऊ पडणे, जुन्या ओ-रिंग फुगणे, टाकीतला सीलंट सुटून गाळणीत येणे हे त्याशिवाय.

पाण्याची गोष्ट अधिक फसवी आहे. साध्या पेट्रोलमधले पाणी तळाशी बसते आणि सकाळी निचऱ्याच्या नळातून बरणीत घेतलेल्या नमुन्यात थेंब स्पष्ट दिसतो. इथेनॉल मात्र पाणी स्वतःत मुरवून घेते. नमुना स्वच्छ दिसतो, तपासणी झाल्याची खूण पडते. मग उंचीवर इंधन गार झाले की मुरलेले पाणी इथेनॉलला सोबत घेऊन वेगळे होते आणि इंधन उचलणारी नळी जिथे असते त्या तळाशी जमा होते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो. पावसाळ्यात अर्धी टाकी आठवडाभर तशीच ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

चाचणी सोपी आहे. १०० मिलीच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी घ्या, १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा, बूच लावून जोरात हलवा आणि दहा मिनिटे उभी ठेवा. पाण्याची रेषा १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास आली तर ते ई-१० आणि २५ च्या पुढे गेली तर ई-२०. ‘प्रीमियम’ पाटीच्या पेट्रोलचीही दर खेपेला ही चाचणी घ्यावी, पाटीवर विसंबू नये.

याच चाचणीवरून सुचलेली एक युक्ती फिरते: पाणी घालून इथेनॉल धुऊन काढायचे आणि वरचे पेट्रोल वापरायचे. हे करू नका. मिश्रणाचा ऑक्टेन इथेनॉलने वर नेलेला असतो. ते काढल्यावर हाती येते ते कमी ऑक्टेनचे, पाण्याने संपृक्त पेट्रोल. त्यावर उतारा म्हणून बाजारातल्या ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतली जाते. बाटलीवरचे ‘५ पॉइंट’ म्हणजे बहुतेकदा ०.५ ऑक्टेन. त्यात फेरोसीन असेल तर प्लगवर लोहाचा विद्युतवाहक थर बसून ठिणगी चुकते, हा वरचा बोनस.

मग ॲव्हगॅस १०० एलएल, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठीचे खास पेट्रोल? ९१२ ला ते चालते, पण त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असते. शिशाचा गाळ तेलाच्या टाकीत, गिअरबॉक्समध्ये आणि प्लगवर साठतो. वापर तीस टक्क्यांच्या वर असेल तर तेल १०० तासांपर्यंत न चालवता २५ ते ५० तासांत बदलावे. तेल पूर्ण सिंथेटिक नको, कारण त्यात शिशाचा गाळ नीट तरंगत राहत नाही. सेमी-सिंथेटिक घ्यावे. लायकमिंगवाल्यांनी इंजिन बंद करण्यापूर्वी १८०० आरपीएमवर १५ ते २० सेकंद चालवून, पुन्हा १००० ते १२०० वर आणून मिक्श्चरच्या दांड्याने (इंधन तोडून) बंद करावे. प्लग साफ राहण्यासाठी अनेक बाटल्यांपेक्षा ही सवय उपयोगी.

ॲडिटिव्ह वापरायचेच तर पुस्तिकेत नाव असलेले आणि मापानेच. सेसना १७२ च्या पुस्तिकेत बर्फरोधक आयसोप्रोपिल अल्कोहोलची कमाल १ टक्का दिली आहे, म्हणजे १०० लिटरला १ लिटर. सह्याद्रीच्या उंचीवर त्याची गरज क्वचितच पडते. एटीएफवर (जेट विमानांच्या इंधनावर) चालणाऱ्या डायमंड डीए-४२ सारख्या डिझेल विमानांत बुरशीनाशकाचे माप पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) असते: १०० पीपीएम म्हणजे १०० लिटरला १० मिली. हे गणित चुकल्याने २०२० मध्ये एका एअरबस ए-३२१ प्रवासी विमानाच्या टाकीत ३८ पट बुरशीनाशक गेले आणि लंडनच्या गॅटविक विमानतळावरून उडताच दोन्ही इंजिने अडखळली. विमान परत उतरवता आले.

आता मागणी. पंपाच्या प्रत्येक नोझलवर इथेनॉलचे प्रमाण ठळक छापावे. आणि इंडियन ऑइलच्या वडोदऱ्याच्या रिफायनरीत २०२२ पासून ॲव्हगॅस बनते, २०२३ मध्ये त्याची ८० पिंपे जेएनपीटी बंदरातून पापुआ न्यू गिनीला गेली. तशी दोन-चार पिंपे घेऊ इच्छिणाऱ्या राज्यातल्या छोट्या धावपट्ट्यांना आणि क्लबांनाही ती थेट मिळण्याची व्यवस्था कंपनीने आणि नागरी विमान वाहतूक खात्याने करावी.

आपला,
विमान-देखभालीच्या कामातला एक वाचक, पुणे