पंखा बंद केल्याबद्दल

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीच कान पिळाल. वाचनालयात येणारा-जाणारा ओळखेलच.

आमच्या प्रकल्पाचा विषय होता ‘दडपशाही आणि संघर्षातले तरुण’. वर्गात हाती पडलं ते एक छापील पान. त्यात दहा प्रश्न, दोन फोटोंसाठी दोन चौकटी आणि खाली सहीची जागा. पहिलाच प्रश्न, ‘आपणांवर कोणकोणते अत्याचार झाले?’ गोव्यात सोळाव्या वर्षी पोर्तुगिजांच्या पोलिसांचा मार खाल्लेल्या माणसाच्या अंगणात चप्पल काढता काढता हे विचारायचं! अशी पानं घेऊन त्या आजोबांकडे आधीही माणसं येऊन गेली होती. १८ जूनचा क्रांतिदिन आला की शाल, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आला की नारळ आणि फोटो. पाच मिनिटांच्या वर कोणी टेकलं नाही, हे आजोबांनीच हसत सांगितलं. आम्हाला मात्र हसू आलं नाही.

तुम्ही ते पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलंत : ‘सकाळची पेज कोण वाढायचं?’ झाली सुरुवात.

तुम्ही शिकवलेलं इथे उतरवते, कारण पुढच्या वर्षी दुसरी मुलं तेच छापील पान घेऊन फिरणार आहेत. पहिली वीस मिनिटं माणूस भाषण करतो. लोहिया, मडगावची सभा, मुसळधार पाऊस, हे त्याचं शेकडो वेळा बोलून गुळगुळीत झालेलं असतं. मध्ये तोडायचं नाही. ते संपलं, माणूस पाणी प्यायला की खरी गोष्ट सुरू होते, आणि नेमकं त्याच वेळी पोरं वही मिटतात. ‘तेव्हा भीती वाटली असेल ना?’ असं विचारलं तर ‘हो’ एवढंच मिळतं. ‘मग रात्री कुठे झोपलात?’ विचारलं तर अख्खं घर डोळ्यांपुढे येतं. तारीख विचारायची नाही, खूण विचारायची. लोहियांच्या सभेआधी की नंतर, म्हणजे १९४६. हद्द बंद होऊन पलीकडची माणसं पलीकडेच अडकली तेव्हा, म्हणजे १९५५. रुपया जाऊन एस्कुद आला तेव्हा, म्हणजे १९५८-५९. एका रुपयाला सहा एस्कुद, हा हिशेब म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. कोणी बातमी फोडली त्याचं नाव आलं, की रेकॉर्डिंग थांबवायचं. त्या माणसाची नातवंडं त्याच वाड्यावर राहतात. पाऊण तासाच्या वर एका बैठकीत बसायचं नाही, दुसऱ्या खेपेला जायचंच. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला नवख्या हाताला सहा तास लागतात, हे धरूनच दिवस ठरवायचे. आणि लिहून झालं की त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग सही.

एक वाक्य तुम्ही पार खोडलंत : ‘१९ डिसेंबर १९६१ ला हा छळ संपला.’ गोव्याच्या मुक्तीसाठी लढताना पंचविशीच्या आतबाहेर पकडले गेलेले मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये. तुमचा शेरा होता, ‘संपला कुणाचा?’

पण आभार या सगळ्यासाठी नाहीत. आभार पंख्यासाठी आहेत.

मे महिन्याची दुपार. खिडक्या लावून घेतलेल्या, कारण बाहेर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पों-पों आणि कावळे. शेजारच्या खोलीतला फ्रीजही तुम्ही बंद करायला लावलात, फोन फ्लाइट मोडवर टाकून खाली दुमडलेला टॉवेल ठेवलात, म्हणजे टेबलाचा ठोका आत जाणार नाही. राहिला छताचा पंखा. त्याची घरघर नेमकी म्हाताऱ्या माणसाच्या खालच्या आवाजावर बसते. नंतर संगणकावर काढता येते, पण तिच्याबरोबर शब्दांची शेपटं जातात. आणि आजोबांच्या कोंकणीत सगळं शेपटात असतं. ‘गेलों’ म्हणजे मी गेलो, ‘गेलो’ म्हणजे तो गेला. मध्ये फक्त एक अनुस्वार. पत्रकं घेऊन रात्री खाडीपलीकडे कोण गेलं, आजोबा की त्यांचा मित्र, याचं उत्तर त्या नाकातल्या आवाजात. तो आवाज गेला, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एक मुलगा दुसऱ्याच्या खाती जमा.

तुम्ही पंखा बंद केलात. मग जुन्या फाईलचा पुठ्ठा फाडून घेतलात, आजोबांच्या बाजूला मोड्यावर बसलात आणि चाळीस मिनिटं त्यांना वारा घातलात. माइकपासून हातभर दूर, कागद वाजणार नाही अशा बेतानं, मनगट न वळवता. घाम तुमच्या हनुवटीवरून पदरावर पडत होता. आजोबा दोनदा गप्प झाले. दोन्ही वेळा तुमचा हात चालू होता आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत. दुसऱ्यांदा गप्प झाल्यानंतर त्यांनी मार सांगितला नाही, आग्वादच्या तुरुंगातून सुटून आल्यावर आईनं पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा वाढला आणि तो गिळताना ओठ झोंबला, ते सांगितलं. मार त्यातच आला.

प्रकल्पातलं अफगाणिस्तानातल्या मुलींचं प्रकरण आम्ही इंटरनेटवरून जमवलं होतं. सहावीच्या पुढच्या शाळा २०२१ पासून बंद, विद्यापीठं डिसेंबर २०२२ पासून बंद. तारखा बरोबर आहेत, तशाच ठेवल्या. खाली मात्र ‘बिचाऱ्या’ हा शब्द चार वेळा आला होता, तो चारही ठिकाणी काढला. त्या मुली सकाळी काय खातात, दप्तर कुठे ठेवतात, हे आम्हाला ठाऊक नाही. तेवढी जागा कोरी सोडली आहे. सादरीकरणात त्या कोऱ्या जागेचे गुण कापले गेले. जाऊ दे.

हल्ली चांगुलपणासुद्धा फोटोसकट येतो. तुमचा त्या दिवशीचा एकही फोटो नाही, कारण फोन टॉवेलवर होता.

रेकॉर्डिंगची एक प्रत वाचनालयाच्या कपाटात ठेवली आहे, एक आजोबांच्या नातीकडे. एकतिसाव्या मिनिटाला पुठ्ठा एकदा माइकच्या वायरला लागल्याचा आवाज आहे आणि लगेच तुमचं हळूच ‘आं!’ संगणकवाला मुलगा काढतो म्हणाला होता. नको म्हटलं. त्याच्या पुढचाच शब्द ‘गेलों’ आहे, अनुस्वारासकट.

तुमची,
तृतीय वर्ष, इतिहास
फोंडा