साडेसातशे मुलं, पंचाहत्तर हजार रुपये

मा. संपादक,

मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ३,९५५ कोटींचा. आकडा ऐकून कुणालाही वाटेल, पालिकेच्या शाळांना कसली ददात? मी गोवंडीतल्या एका पालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. समितीच्या बैठकीत आमच्यापुढे येतो तो हिशेब कोटींचा नसतो, पंचाहत्तर हजारांचा असतो.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षातून एकदा संयुक्त अनुदान मिळतं. किरकोळ दुरुस्ती, खडू, रजिस्टरं, बंद पडलेल्या वस्तू बदलणं, सगळं त्यातून. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, असा नियम. रक्कम पटावर ठरते खरी, पण टप्प्याटप्प्याने: १०१ ते २५० मुलांना ५० हजार, २५१ ते १,००० मुलांना ७५ हजार, हजारावर गेलात की एक लाख. आमचा पट साडेसातशेच्या आसपास, म्हणजे मुलामागे वर्षाला शंभर रुपये. २६० मुलांच्या शाळेलाही ७५ हजारच, तिथे एकेका मुलाला २८८ रुपये पडतात. अकराशेच्या शाळेला लाख मिळाले तरी मुलाच्या वाट्याला एक्क्याण्णवच. गर्दी वाढेल तसा वाटा आटत जातो! आणि पट ओसंडतात कुठे? आमच्यासारख्या वस्त्यांत, जिथे फी भरून दुसरीकडे घालायची ऐपत कुणाचीच नाही.

मागच्या बैठकीत अर्धा तास गेला तो मुलींच्या शौचालयाच्या कड्यांवर. दारांचे पत्रे खालून गंजलेत, दोन दारांना कडीच लागत नाही. मुली जोडीने जातात, एक आत आणि दुसरी बाहेरून दार धरून. काहीजणी त्यापेक्षा पाणीच पीत नाहीत. माझ्या तिसरीतल्या लेकीची बाटली कित्येकदा भरलेलीच घरी येते. फिल्टरच्या कँडलही बदलायला झाल्या होत्या. मोठ्या बाईंनी दोन्ही कोटेशनं टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यातलं एकच बसतंय, तुम्हीच ठरवा." आम्ही बायका जास्त होतो, कड्या आधी झाल्या. फिल्टर पुढच्या वर्षीच्या अनुदानावर गेला. बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात तेवढंच होतं.

दप्तर, बूट, रेनकोट पालिका फुकट देते, त्याचा माझ्यासारखीला मोठा आधार आहे. ते नाकारणार नाही. माझं म्हणणं एवढंच की, एकदा ठरवलेल्या रकमेकडे पुन्हा कुणी पाहतच नाही. पहिली ते चौथीच्या, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना राज्य सरकार उपस्थिती भत्ता देतं. योजना १९९२ ची, सावित्रीबाईंच्या जयंतीला सुरू झालेली. दर: दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०. तेव्हा रुपयाला काहीतरी किंमत होती. आज मुलगी शाळेत यावी म्हणून तिला रुपया देऊ करणाऱ्यांनी एकदा गोवंडी स्टेशनबाहेर एक रुपयात काय मिळतं ते बघून यावं. गोळी मिळते, तीही एकच.

आणि दर वाढवता येत नाही असंही नाही. शालेय पोषण आहाराचा खर्च मुलामागे दर दिवसाला मोजतात. मे २०२५ पासून पाचवीपर्यंतच्या मुलासाठी तो ६ रुपये ७८ पैसे केला. पुरेसा आहे असं मी म्हणत नाही (तेल-डाळीचे भाव घरात मीच बघते), पण निदान डोकी मोजली जातात आणि अधूनमधून आकडा हलतो. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता तर वर्षातून दोनदा हलतो. हलावाच, त्यांनाही घरं आहेत. मग शाळेच्या कडी-कोयंड्याला महागाई लागत नाही का?

संयुक्त अनुदानाचे टप्पे मोडून मुलामागे दर ठरवावा, आणि ज्या शाळांत बहुतेक मुलं झोपडपट्टीतली आहेत तिथे तो वाढवून द्यावा. टप्पे केंद्राचे आहेत, आम्ही काय करणार, असं उत्तर येईल. बरं, केंद्राला वेळ लागू दे. तोवर वरची भर पालिकेने स्वतःच्या तिजोरीतून घालावी. ३,९५५ कोटींत ती फार मोठी नाही. उपस्थिती भत्ता मात्र राज्याचा स्वतःचा आहे. त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही.

एक पालक, गोवंडी, मुंबई