खेळातील जगाची जनरीत फाशांवर सोडू नये

महोदय,

सुट्टीत मुलांनी मोबाइल बाजूला ठेवून टेबलाभोवती बसून खेळावेत अशा खेळांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जो मजकूर आला, त्यात रोलप्लेइंग गेमचाही उल्लेख होता, याचा आनंद झाला. मात्र नवख्या खेळाडूने त्या काल्पनिक जगाची माहिती आधी वाचून यावे, हा त्यातला सल्ला मला पटला नाही. आमच्या नेरूळच्या सोसायटीत रविवारी दुपारी असा खेळ चालतो. तिथे येणारे नवे खेळाडू पाहता, त्या जगात सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी त्यांना पुस्तकातून नव्हे तर खेळता खेळता कळाव्यात, आणि त्या सांगण्याची जबाबदारी खेळाडूची नसून गेम मास्टरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, असावी, असे माझे मत झाले आहे.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथून या खेळांची परंपरा सुरू झाली. गेम मास्टर प्रसंगाचे वर्णन करतो, प्रत्येक खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. यातली अडचण अशी की खेळाडू त्या जगात आजच आलेला असतो, पण त्याचे पात्र तिथेच जन्मून वाढलेले असते. पात्राला जे लहानपणापासून माहीत आहे ते खेळाडूला माहीत नसते, आणि त्याचा भुर्दंड मात्र पात्राला बसतो.

आमच्याकडे खाडीकाठच्या एका काल्पनिक बंदरात खेळ रचलेला आहे. त्या शहरात घरात मृत्यू झाला की दारावर निळ्या काचेचा दिवा लावतात आणि नऊ रात्री त्या घराचे दार कोणी वाजवत नाही. नव्याने आलेल्या एका महाविद्यालयीन मुलीचे पात्र त्याच शहरातल्या जकात कारकुनाचे होते. तिने नेमके तसेच दार वाजवून आत थकबाकी मागितली. जुने खेळाडू हसले, गेम मास्टरने गल्लीतल्या लोकांना तिच्या अंगावर सोडले आणि पुढचा तासभर ती गप्प बसली. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. जन्मभर त्या गल्ल्यांतून जकात गोळा करणारा कारकून असे करणारच नाही. गेम मास्टरने तिथे एवढेच म्हणायचे होते की, ‘दारावर निळा दिवा आहे, म्हणजे या घरात सुतक आहे हे तुला ठाऊक आहे, तरीही दार वाजवणार का?’ एका वाक्यात रीतही कळली असती आणि निर्णयही तिच्याच हाती राहिला असता.

यावर नियमांवर बोट ठेवणारे खेळाडू म्हणतात की पात्राला काय माहीत आहे ते फाशाने ठरवावे. हा मार्ग दिसतो तितका न्याय्य नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००३ च्या सुधारित आवृत्तीत, ज्या विषयाचे शिक्षण पात्राने घेतलेले नाही त्यातील फक्त सर्वसामान्य माहिती, म्हणजे दहापर्यंतच्या काठिण्याची (जिच्यासाठी फाशावर फार तर दहा पडावे लागतात अशी), त्याला असू शकते असा नियम होता. वीस बाजूंच्या फाशावर, बुद्धीचा अधिक-उणे गुण नसेल तर, दहा किंवा त्याहून अधिक पडण्याची शक्यता ५५ टक्के असते. म्हणजे शंभरातल्या पंचेचाळीस वेळा माणसाला स्वतःच्याच गावातली रीत आठवणार नाही. घाई किंवा धोका नसताना फासा न टाकता दहा धरून चालण्याची मुभाही त्याच नियमांत आहे. पण खेळ रंगात आला की तिची आठवण कोणाला राहते? फासा विसरलेल्या इतिहासासाठी, राजघराण्यातल्या गुपितांसाठी, दुर्मीळ विषांसाठी राखून ठेवावा.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर मला फार आवडते. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर यांनी टेकुमेल नावाचे एक अत्यंत तपशीलवार जग रचले होते, आणि त्यावरील ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ १९७५ मध्ये आला. त्या जगातल्या जाती-कुळांच्या, देवतांच्या आणि मानपानाच्या रीती इतक्या गुंतागुंतीच्या की वाचून कोणी तयार होणे अवघडच. म्हणून खेळाडूंची पात्रे परदेशातून नावेने जकाल्ला बंदरात उतरलेली रानटी माणसे असत. परकीयांच्या वस्तीत राहायचे, मिळेल ते काम पत्करायचे आणि ठेचा खात शिकायचे. खेळाडू आणि पात्र दोघेही सारखेच अडाणी, त्यामुळे तक्रारीला जागा उरत नाही. मात्र याची किंमतही आहे. सगळेच परके असतील तर पुजाऱ्याची मुलगी, गल्लीतला सोनार किंवा आमचा जकात कारकून कोणाच्याच वाट्याला येत नाही.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरान्था या जगाविषयीच्या लेखनात, जे जग १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ खेळातून अनेकांपर्यंत पोहोचले, याच्या उलट बाजूचा उपाय सापडतो. तिथे एकेका जमातीची माहिती घरातली वडीलधारी माणसे किंवा पुजारी मुलाला सांगतात त्या स्वरूपात दिलेली आहे: आपण कोण, आपण कसे जगतो, आपल्यावर राज्य कोणाचे, आपले देव कोणते, शत्रू कोणते. दोन जमातींची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मला वाटते खरी मेख तिथेच आहे. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट खरी असेलच असे नाही. ती त्या लोकांची समजूत असते. गेम मास्टरने हे ओळखले तर शेजारच्या राज्याविषयी निखालस चुकीची माहितीसुद्धा तो नव्या खेळाडूला निःशंकपणे देऊ शकतो, कारण त्या पात्राच्या घरी तेच सांगितले गेले असणार.

नवी मुंबईत राहायला आलेला माणूस सिडकोचा विकास आराखडा वाचून शहर शिकत नाही. ‘सेक्टर पंधरा’ म्हटल्यावर रिक्षावाला ‘कुठला, वाशीचा की बेलापूरचा?’ असे विचारतो, आणि सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-बेलापूरसारख्या प्रत्येक उपनगरात, पुन्हा एकपासून सुरू होतात हे त्याला कायमचे कळते. खेळातही माहिती अशी कामाच्या ओघात, अडलेल्या जागी यावी. बाजारात मिठाचा भाव कोण ठरवतो, शपथ कोणाच्या नावाने घेतात, कोणती शिवी ऐकली की तलवारी निघतात, हे प्रसंगातून आले तर लक्षात राहते. राजांच्या वंशावळीचे तीस पानी टिपण राहत नाही. एकदा आलेली गोष्ट पुढच्या दोन-तीन बैठकांत पुन्हा डोकावली पाहिजे, हे मात्र गेम मास्टरने जाणीवपूर्वक सांभाळावे लागते.

आपल्याच पृथ्वीवर बेतलेल्या खेळांत हा त्रास नसतो, असा एक गैरसमज आहे. ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ हा १९८१ चा खेळ बहुधा १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत खेळला जातो. तिथे १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती हे त्या काळच्या शेंबड्या पोरालाही माहीत असणार. नेरूळच्या विद्यार्थ्याला ते कोणीतरी सांगावेच लागते.

नव्या खेळाडूला नेहमी ऐकणाऱ्याच्याच जागी बसवू नये, हेही सुचवावेसे वाटते. ‘तुझ्या मोहल्ल्यात बारशाला काय करतात?’ असे गेम मास्टरने त्यालाच विचारावे आणि तो जे सांगेल ते त्या जगात तेव्हापासून खरे धरावे. आमच्या बंदरात नव्या होडीला पहिले पाणी घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून लावतात, ही रीत अशीच त्या मुलीने सांगितली, आणि आता ती ठाऊक नसलेल्या जुन्या खेळाडूंना तिच्याकडे पाहावे लागते.

आपल्या दैनिकाने या विषयावर पुन्हा लिहिल्यास, मराठीत अशी जगे रचू पाहणाऱ्या तरुणांना एक विनंती जरूर पोहोचवावी: पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हजार वर्षांचा इतिहास छापण्याऐवजी तिथले बाजारभाव, सणवार आणि दारात पाहुणा आल्यावर काय करतात ते छापावे.

आपला,
एक वाचक
नेरूळ, नवी मुंबई