मातीच्या भिंती माणसांमुळे उभ्या आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चीनच्या फुजियान प्रांतातल्या हक्का नावाच्या चिनी समाजाच्या मातीच्या गढ्यांवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, पण सगळे डोंगरावरच्या सज्जातून काढलेले. एकातही माणूस दिसत नाही. माझी हयात बांधकामावर गेली आणि त्या गावी मी जाऊन आलो आहे, म्हणून लिहितो.

तिआनलुओकेंग हे नानजिंग तालुक्यातलं डोंगरगाव. मधोमध चौकोनी घर, भोवती तीन गोल आणि एक लंबगोल. ह्वांग आडनावाची भावकी तिथे राहते. वाटणी उभी: प्रत्येक कुटुंबाला तळाशी स्वयंपाकघर, त्यावर धान्याची खोली, वर झोपायच्या खोल्या. लुटारूंच्या भयाने खालच्या दोन मजल्यांना बाहेरून खिडकी नाही.

मी मात्र भिंतीपाशीच रमलो. गोट्यांचं जोतं, त्यावर धुमसाने ठोकलेल्या मातीचे थर. एके ठिकाणी पोपडा पडला होता, तिथे आत आडव्या घातलेल्या बांबूच्या कामट्या दिसल्या. मातीत चुना आणि चिकट तांदळाची खळ, गूळही घालत. आपल्याकडे चुन्यात गूळ-हिरडा पडायचा, तोच विचार. शेजारच्या योंगदिंग भागातला चेंगछीलौ हा गोल वाडा १७०९ सालचा आहे आणि आजही उभा आहे.

पण अशी भिंत टिकते ती डोक्यावरच्या कौलांमुळे. रुंद वळचण पाऊस दूर टाकते. एक कौल सरकलं आणि वेळेत बसवलं नाही, की पाणी माथ्यातून मुरतं आणि भिंत आतून भुसभुशीत होते. ते कौल पाहायला घरात माणूस लागतो. तरुण पोरं कामधंद्याला श्यामेनसारख्या शहरांत गेली. मागे बहुतेक म्हातारी माणसं. युनेस्कोने २००८ साली अशा ४६ वास्तू जागतिक वारसा यादीत घेतल्या. यादीबाहेर अशी हजारो घरं आहेत, त्यांची चिंता मला जास्त वाटते.

आमच्या सहल कंपनीने तिथे जेमतेम तासभर दिला. अंगणात एक आजी बांबूच्या पसरट टोपलीत मोहरीचा पाला वाळत घालत होत्या. आमच्यातले दोघे न विचारता त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि झाकण उचलून भांड्याचा फोटो काढू लागले. आजी हातातलं काम सोडून आल्या, झाकण परत ठेवलं, काही बोलल्या नाहीत. मला फार लाज वाटली.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले याच यादीत आले. त्यातल्या पन्हाळ्यावर अख्खं गाव नांदतं, सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबं राहतात. पन्हाळकरांनी यादीमुळे येणाऱ्या निर्बंधांची धास्ती बोलून दाखवली होती, ती उडवून लावू नये. त्यांच्या घरदुरुस्तीचे नियम साधे, लेखी आणि मराठीत असावेत, आणि ते ठरवताना त्यांना बोलवावं.

सहल कंपन्यांना विनंती: फुजियानला नेलंत तर गावातच मुक्काम ठेवा, खोलीचं भाडं घरमालकाच्या हातात द्या आणि वरच्या मजल्यावर विचारल्याशिवाय कुणाला चढू देऊ नका. आपणही पुढच्या लेखात तिथल्या एखाद्या कुटुंबाशी बोलून लिहावं.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक, सातारा