त्या रात्रपाळीच्या सिस्टरांचे आभार

बाबांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना, बोलणं जडावलं. पक्षाघातच, असं धरून आम्ही त्यांना तातडीच्या विभागात नेलं. तिथल्या सिस्टरांनी आधी त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ३४! ७० च्या खाली गेली तरी ती कमी धरतात. मेंदूला साखर पुरली नाही की लक्षणं हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकतात. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्याच वेळात बाबांनी मूठ वळली. सीटी स्कॅनही केला, तो चांगला आला. मधुमेहाच्या गोळीमुळे साखर पुन्हा घसरू शकते म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

सिस्टर दर वेळी टोचण्याआधी वाकून सांगायच्या, “काका, जरासं दुखेल हं.” बाबा घामाने चिंब झाले होते. पडदा ओढून त्यांनी मान-पाठ पुसली, कोरडा सदरा घातला, बटणंसुद्धा लावून दिली. आईला म्हणाल्या, “लगेच आणलंत हे फार बरं केलंत. घरी हा फरक कुणालाच ओळखता येत नाही.” त्या वाक्याने आई किती सावरली!

सकाळी त्यांची पाळी संपली होती, म्हणून इथे लिहितोय. सिस्टर, बाबा बरे आहेत. तुमचे मनापासून आभार.