बाइंडिंगला पैसे आहेत, पुस्तकाला नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

सार्वजनिक वाचनालय म्हटलं की सगळा जोर उद्घाटनावर, फीत कापली, फोटो आला, झालं. पण वाचनालय दर महिन्याला पैसे मागतं हो, लाइट बिल, पगार, पेपर-मासिकांची वर्गणी, नवी पुस्तकं, आणि हे बजेटच्या कुठल्या हेडखाली, म्हणजे कुठल्या खर्चाच्या सदरात, टाकायचं ते कोणी आधी विचारतच नाही.

परवा वाचनालयातून कॉम्प्युटर शिकायचं पुस्तक आणलं. आत फ्लॉपी कशी घालायची त्याचं चित्र! आणि बाइंडिंग मात्र नवं कोरं, डिंकाचा वास येतोय अजून. म्हणजे दुरुस्तीच्या हेडला पैसे होते, खरेदीच्या हेडला नव्हते, आता काय बोलणार.

गंमत म्हणजे हा घोळ जुनाच आहे. इंग्लंडमध्ये 1850 ला कायदा झाला, नगरपरिषदेला वाचनालयासाठी करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे अर्धा पेनी कर लावायची परवानगी मिळाली, पण त्यातून इमारत आणि नोकरवर्ग चालेल, पुस्तकं घ्यायची नाहीत, ती लोकांनी दान द्यायची! 1855 ला एक पेनी झाली, पुस्तकं घ्यायचीही मुभा मिळाली, आणि मग ती एक पेनीची मर्यादा उठायला थेट 1919 उजाडलं. अमेरिकेतला पोलादवाला श्रीमंत दानशूर कार्नेगी त्या मानाने हुशार, वाचनालयाच्या इमारतीला पैसे द्यायचा पण अट अशी की जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या 10 टक्के रक्कम गावाने दरवर्षी चालवायला काढायची. आधी कबूल करा मग बांधा.

आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी हेच ओळखलं होतं. त्यांच्या प्रयत्नातून 1948 ला मद्रासचा ग्रंथालय कायदा आला, त्यात मालमत्ता करावरच ग्रंथालय सेस, म्हणजे फक्त ग्रंथालयासाठीचा जादा कर. सेस असला की दरवर्षी बजेटच्या वेळी कोणाच्या पाया पडायला नको. अर्थात सेस गोळा करून तो जनरल खात्यात दाबून ठेवणारेही असतातच, त्यामुळे नुसता सेस लावून भागत नाही, कराच्या बिलावर त्याची वेगळी ओळ पाहिजे, पैसे वेगळ्या खात्यात पाहिजेत, आणि त्यातला ठरावीक वाटा फक्त पुस्तक खरेदीला, तो पगारात की रंगरंगोटीत वळवता येणार नाही असं लिहूनच ठेवा. आणि जमा किती, खर्च किती, तो कागद वाचनालयाच्या दारातच लावा, पेपर वाचायला येणारे आजोबा बरोबर हिशोब तपासतील.

आपला,
एक वाचक